बांधाला जाग, डोंगराला झोप

शेजाऱ्यानं बांध चार बोटं कोरला तर तू काय करतोस? सांग की. सरकारी मोजणी लावतोस. सातबारा, आठ-अ, फेरफार, गटाचा नकाशा, सगळं पिशवीत घालून अप्पर तहसीलच्या दारात उभा राहतोस. साहेब जेवायला गेलेत म्हटलं तर तिथंच बसून राहतोस. आजोबांच्या काळातली खूण दाखवायला गावातली म्हातारी माणसं गोळा करतोस. मोजणी पटली नाही तर अपील करतोस, अपील फेटाळलं तर वरचं दार ठोठावतोस. हे सगळं तुला येतं. लोणी काळभोरात वाढलेल्या माणसाला जमिनीचा हक्क शिकवावा लागत नाही.

मग परवा गडचिरोलीच्या खाणीचा विषय निघाला तेव्हा तुझी ही अक्कल कुठं गेली होती? "बाई, विकास तर व्हायला हवा ना. थोडं कुणाला तरी सोसावं लागतंच." हे तू बोललास. चारचौघांत बोललास, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळे माझ्याच हाताखालून गेलेले. कुणी इंजिनिअर, कुणी सी.ए., कुणी प्लॉटिंगच्या धंद्यातला. एकालाही वाटलं नाही की थांबावं, विचारावं.

"कुणाला तरी" म्हणजे कुणाला? नाव घे की. तुझ्या घरातल्या कुणाला? नाही ना? जेव्हा सोसायचं दुसऱ्यानं असतं तेव्हाच माणूस "कुणाला तरी" म्हणतो. स्वतःवर आलं की त्याला गट नंबर आठवतो.

तुझ्या मामाचं गाव पुरंदरात, विमानतळाच्या सात गावांतलं. 2025 च्या मे महिन्यात मोजणीला ड्रोन आले, पोलीस आले, लाठ्या चालल्या. तेव्हा तू रात्री फोन करून मला काय म्हणालास? "बाई, आधी विचारायला तर हवं ना हो! ग्रामसभेनं ठराव केलाय, त्याला काही किंमतच नाही का?" बरोबर म्हणालास. शंभर टक्के बरोबर. मग ते "आधी विचारायला हवं" दिवे घाटापलीकडे चालतं आणि वैनगंगेपलीकडे चालत नाही, हे तुला कुणी शिकवलं? मी तर नाही शिकवलं.

तुला माहीत नाही असं म्हणू नकोस. दहावीच्या नकाशात एटापल्लीच्या जागी तू लोहखनिजाचं चिन्ह काढायचास. अचूक जागी काढायचास. एक गुण मिळायचा. त्या चिन्हाखाली माडिया गोंडांची गावं आहेत, हे मी तेव्हाही सांगायचे, फळ्यावर लिहायचे. तू वहीत उतरवून घ्यायचास. डोक्यात का नाही उतरलं?

तर पुन्हा ऐक. सुरजागडचा डोंगर. दोन-तृतीयांशाहून जास्त जंगल असलेल्या जिल्ह्यातला. डोंगरावर ठाकुरदेव आहे. दर जानेवारीत तिथं यात्रा भरते आणि सत्तरएक गावांचा इलाका जमतो. 1858 मध्ये इंग्रजांनी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलेल्या बाबुराव शेडमाकेंचं नाव त्या मुलखात अजून मानानं घेतात. या डोंगरावरचा 348 हेक्टरचा खाणपट्टा 2007 मध्ये लॉइड्स मेटल्स कंपनीला मिळाला. म्हणजे साडेआठशे एकरांच्या वर. तुला एकरात सांगितलं की लवकर कळतं म्हणून एकरात सांगते. प्रत्यक्ष खोदकाम 2016 मध्ये सुरू झालं, मध्ये थांबलं, 2021 मध्ये पुन्हा जोरात सुरू झालं. आधी मर्यादा होती वर्षाला 30 लाख टनांची. 2023 मध्ये ती 1 कोटी टन झाली. 2025 मध्ये त्याच्याही दुपटीहून पुढं जायला मंजुरी मिळाली.

1 कोटी टन म्हणजे किती, गणित कर. एका ट्रकमध्ये 25 टन धर. वर्षाला 4 लाख ट्रक. दिवसाला हजाराच्या वर, तेही भरलेले. रिकामे परत जाणारे वेगळेच. आपल्या तेल डेपोच्या टँकरची रांग सोलापूर रस्त्यावर अर्धा तास लागली तर तू वाहतूक पोलिसांना फोन करतोस, फोटो टाकतोस, आमदारांना टॅग करतोस. तिथल्या आलापल्ली–एटापल्ली रस्त्याचा विचार केलास कधी? जानेवारी 2019 मध्ये त्याच रस्त्यावर गुरुपल्लीजवळ ट्रक आणि एस.टी.ची टक्कर झाली. एस.टी.तली माणसं गेली. संतापलेल्या लोकांनी ट्रक पेटवले. ही बातमी तू वाचली होतीस? वाचली असशील, आणि बोटानं वर सरकवली असशील. आता कंपनीच्या कोनसरीतल्या कारखान्यापर्यंत नळातून खनिज न्यायची सोय झाली आहे. त्यानं ट्रक कमी झाले तर चांगलंच आहे. डोंगर तरीही संपणारच.

आणि विचारलं कसं, तेही बघ. 1 कोटी टनांपर्यंतची वाढ मंजूर करण्याआधीची जनसुनावणी ऑक्टोबर 2022 मध्ये झाली. कुठं? गडचिरोलीत, जिल्हाधिकारी कार्यालयात, पोलिसांच्या कडेकोट बंदोबस्तात. खाणीपासून शे-दीडशे किलोमीटरवर. पर्यावरणाच्या आघाताचा अभ्यास कसा करायचा, सुनावणी कशी घ्यायची, हे सांगणारी केंद्राची अधिसूचना 2006 ची आहे. ती म्हणते, सुनावणी प्रकल्पाच्या जागी घ्या, नाहीतर अगदी जवळ घ्या. उद्या तुझ्या बांधाची सुनावणी इंदापूरला लावली तर तू गप्प बसशील? तालुका डोक्यावर घेशील. मग डोंगराखालच्या म्हाताऱ्यानं काय करावं? पहाटे उठून, जंगलातून चालून, बस मिळाली तर बसनं, पोलिसांच्या रांगेतून जाऊन, आपली नसलेल्या भाषेत, माईकसमोर आपला देव आपला आहे हे सिद्ध करावं? तुझ्या आजोबांना हे जमलं असतं?

मार्च 2023 मध्ये तोडगट्टा गावी लोक धरण्याला बसले. त्याच इलाक्यात आणखी सहा खाणी येऊ घातल्या होत्या, त्या नकोत म्हणून. सत्तर ग्रामसभांची माणसं. आळीपाळीनं गावं यायची, झोपड्या बांधून राहायची, तिथंच रांधायची. उन्हाळा गेला, अख्खा पावसाळा गेला. आठ महिने. नोव्हेंबरात पोलीस आले, झोपड्या मोडल्या, लोकांना ताब्यात घेतलं. आठ महिने, बाळा. तू फ्लॅटच्या मेंटेनन्सविरुद्ध आठ दिवस तरी बसलास का?

तुझी पहिली सबब विकासाची झाली. दुसरी रोजगाराची. "बाई, तिथल्या पोरांना नोकऱ्या मिळाल्या की." मिळाल्या. कशाला नाकारू? बऱ्याच मिळाल्या. 1 जानेवारी 2025 ला मुख्यमंत्र्यांनी कोनसरीच्या कारखान्याचं उद्घाटन केलं, कामगारांना कंपनीचे शेअरही दिले गेले. ज्या पोराच्या हातात पहिल्यांदा महिन्याचा पगार आला त्याचा आनंद खरा आहे, आणि त्याला नावं ठेवायचा अधिकार तुला नाही नि मलाही नाही. पण नोकरी दिली म्हणजे परवानगी घेतली असं होतं का? हा हिशेब तू कुठल्या वहीत शिकलास? तुझ्या उसाच्या रानात कुणी न विचारता पेट्रोल पंप उभा केला आणि तुझ्या मुलाला तिथंच नळी धरायला ठेवलं, तर तू त्याच्या गळ्यात हार घालशील की त्याची गचांडी धरशील?

आणि रोजगार नव्हता असं तुला कुणी सांगितलं? मार्च-एप्रिलात त्या मुलखातली बाई अंधारात उठते. मोहाच्या झाडाखालचा पाचोळा तिनं आधीच साफ केलेला असतो, पडलेलं फूल नीट दिसावं म्हणून. उजाडायच्या आत टोपली घेऊन ती झाडाखाली असते. फूल रात्री गळतं, आणि उशीर झाला तर जनावरं खातात. वेचलेलं अंगणात वाळवते. पुढं त्याच झाडाची फळं पडतात, त्यांच्या बियांचं तेल निघतं. मे महिन्यात तेंदूची पानं. सत्तर पानांचा एक पुडा, दोरीनं बांधलेला. घरातली पोरंटोरं, म्हातारे, सगळे रात्री बसून पुडे बांधतात. गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा तेंदू आणि बांबूचा लिलाव स्वतः करतात, हिशेब स्वतः ठेवतात. त्यातून आलेल्या पैशाचं काय करायचं ते गाव बसून ठरवतं. तुझ्या पगारपत्रकात न बसणारं काम तुला काम वाटत नाही. हा तुझ्या डोळ्यांचा दोष आहे. त्यांच्या कामाचा नाही. आणि मोहाचं झाड लावल्या-लावल्या फूल देत नाही, हे तुला शेतकऱ्याच्या पोराला सांगायला लागतंय याचं मला जास्त वाईट वाटतं. 2025 च्या मे महिन्यात तिथल्या खनिज प्रक्रियेच्या प्रकल्पासाठी नऊशेहून जास्त हेक्टर वनजमीन द्यायला केंद्राच्या वन सल्लागार समितीनं हिरवा कंदील दाखवला. त्यात तोडायची झाडं लाखाच्या वर. बदल्यात दुसरीकडे रोपं लावतील म्हणे. रोपाखाली टोपली घेऊन कोण जाणार आहे?

जंगल गेलेल्या माणसाचं काय होतं ते पाहायला गडचिरोलीला जायची गरजही नाही. महाराष्ट्रात सरकारनं ज्या तीनच आदिम जमाती मानल्यात, त्या कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. कातकरी आपल्याच जिल्ह्यातले. एकेकाळी सह्याद्रीचं जंगल त्यांचं होतं. इंग्रजांच्या वनकायद्यानं ते त्यांच्या हातून गेलं. मग कोळशाच्या भट्ट्या, मग वीटभट्ट्या. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर बायकापोरांसकट भट्टीवर ती फेडायची. फिटत नाही. पुढच्या वर्षी परत. तुझ्या बंगल्याच्या विटा ज्या भट्टीवरून आल्या तिथं तू स्वतः गेला होतास, भाव पाडायला. तिथली पोरं पाहिली असशीलच. शाळेच्या वेळात ओल्या विटा उलटणारी. ती कुणाची पोरं, ती तिथं का, हे विचारलंस? "कुणाला तरी सोसावं लागतं" हे वाक्य दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी असंच चारचौघांत म्हटलं असेल. त्याची किंमत ती पोरं अजून देताहेत.

आता तुझी आवडती सबब. "बाई, तो नक्षलवाद्यांचा भाग आहे. आपण न बोललेलं बरं." ऐक नीट. नक्षलवाद्यांनी 2013 मध्ये त्या कंपनीच्या अधिकाऱ्याला मारलं. डिसेंबर 2016 मध्ये सुरजागडला पाऊणशेच्या आसपास वाहनं जाळली. खबरी ठरवून कितीतरी गरीब आदिवासींचे जीव घेतले. त्याचं समर्थन मी कधी केलं नाही, कुणाला करूही देणार नाही. पण ग्रामसभेचा ठराव ही बंदूक आहे का? देवाच्या डोंगराला हात लावू नका असं अर्जात लिहिणारा माणूस आणि झाडाआडून गोळी घालणारा माणूस तुला एकच दिसतो? मग तू अर्ज करतोस तेव्हा तू कोण असतोस? ऑक्टोबर 2025 मध्ये गडचिरोलीतच माओवाद्यांचा मोठा नेता साठ साथीदारांसह शरण आला. तुझी ही सबबही आता फार दिवस टिकायची नाही. ती संपली की कोणती काढणार आहेस?

"लोखंड तर लागतंच ना?" लागतं. मांजरीपासून उरुळीपर्यंत जेवढे टॉवर उभे राहताहेत त्यातली सळई आभाळातून पडत नाही. लोखंड नको असं कुणी म्हटलं? किती काढायचं, कुठून काढायचं, कुणाला विचारून काढायचं आणि कोणता डोंगर सोडायचा, एवढंच विचारलंय. यातल्या एकाचंही उत्तर तुझ्याकडे नाही, म्हणून तू न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतोस. परीक्षेतही हेच करायचास. पान भरायचास.

शेअरचंही बोलू. मला ठाऊक आहे तुमच्या ग्रुपमध्ये काय चालतं ते. त्या कंपनीचा शेअर गेल्या काही वर्षांत कितीतरी पटींनी वाढला आणि तुमच्यापैकी दोघांनी तो वेळेवर घेतला. कायद्यानं गुन्हा नाही. मी पोलीस नाही. पण ज्या डोंगराचा नफा तुझ्या खात्यात जमा होतो त्या डोंगराबद्दल बोलताना "मी तटस्थ आहे" असं म्हणायचं नाही. तू तटस्थ नाहीस. तू भागीदार आहेस. भागीदाराला निदान आपला धंदा माहीत असावा. डोंगराखालच्या मलमपाडीच्या लोकांनी धानाच्या शेतात खाणीचा लाल गाळ येतो म्हणून तक्रारी केल्या. तुझ्या ताळेबंदात तो गाळ कुठल्या रकान्यात मांडलाय? बघून सांग.

आणि तू गं, मागं बसून हसू नकोस. तू सुटलेली नाहीस. 2019 मध्ये अॅमेझॉनचं जंगल पेटलं तेव्हा तुझ्या स्टेटसला आठवडाभर जळणारी झाडं होती. खरंच कळवळली होतीस, मी खोटं म्हणत नाही. त्याच जंगलात राहणाऱ्या, ब्राझीलमधल्या यानोमामी आदिवासींची जमीन 1992 मध्ये सरकारनं आखून दिली. कागद पक्का होता. तरी बेकायदा सोनं काढणारे हजारोंनी घुसले, नद्यांत पारा मिसळला, मलेरिया आणि उपासमारीनं लेकरं गेली. जानेवारी 2023 मध्ये तिथल्या सरकारला आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली. तिथल्या शहरांतही तुझ्यासारखी शिकलेली माणसं होती. त्यांना सोन्याचा भाव माहीत होता, नदीचं नाव माहीत नव्हतं. साता समुद्रापलीकडच्या यानोमामीसाठी तुझ्या डोळ्यांत पाणी येतं आणि आपल्याच राज्यातल्या माडियासाठी येत नाही. का? ब्राझीलसाठी रडायला काही मोजावं लागत नाही म्हणून. इथं बोललीस तर ऑफिसातलं कुणीतरी तोंड वाकडं करील, ग्रुपमधलं कुणीतरी "विकासविरोधी" म्हणेल. तेवढ्याला घाबरलीस.

हेमलकशाची सहल तर तुम्ही सगळ्यांनीच केली. 1973 पासून आदिवासींसाठी जे काम तिथं उभं राहिलं ते डोळ्यांनी पाहिलंत, दवाखाना पाहिलात, प्राण्यांबरोबर फोटो काढलेत, "आयुष्य बदलून गेलं" असं लिहिलंत. त्याच आलापल्लीवरून गाडी गेली ना? रस्त्याकडेची लाल झालेली झाडं दिसली नाहीत? दिसली असतील. काच वर केली असेल, धूळ येते म्हणून.

तुझी शेवटची सबब मला सगळ्यात जास्त टोचते. "बाई, आम्ही काय करणार इथून? आठ-नऊशे किलोमीटर लांब." अडाणी माणसानं हे म्हटलं असतं तर मी गप्प बसले असते. तू म्हणतोस? मेंढा-लेखा नावाचं गाव आहे, धानोरा तालुक्यात. गोंडांचं. देवाजी तोफा तिथले. त्या गावात अभ्यासगट चालतो. ज्यांना नीट वाचता येत नव्हतं अशी माणसं रात्री बसून कायदे वाचून घ्यायची, एकेका कलमाचा अर्थ लावायची, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय घ्यायची नाहीत. 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते गाव आलं, 1,800 हेक्टरांहून जास्त जंगलावर. 2011 मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायचा परवाना केंद्रीय मंत्र्यांना गावात येऊन त्यांच्या हातात द्यावा लागला. 2006 चा तो कायदा चौदा कलमांचा आहे. चौदा! तू मोबाइलचा करार न वाचता मान्य करतोस, पण चौदा कलमं वाचायला तुला एक संध्याकाळ मिळत नाही?

वाचली असतीस तर तुला कळलं असतं की ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण हवी की नको, हे सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2013 मध्ये ग्रामसभांना ठरवायला सांगितलं. बारा ग्रामसभा बसल्या. बाराही "नको" म्हणाल्या. खाण झाली नाही. कळलं असतं की आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्यात ग्रामसभेची शिफारस बंधनकारक आहे ती मुरूम, वाळू, दगड अशा गौण खनिजांसाठी. लोखंड गौण खनिज नाही. पळवाट तिथंच आहे. हेही कळलं असतं की 2009 च्या परिपत्रकानं वनजमीन वळवण्याआधी ग्रामसभेची संमती मागितली होती, आणि 2022 च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राची मंजुरी आधी, हक्कांचं बघणं नंतर आणि राज्याच्या अंगावर, असं करून टाकलं. आधी होकार, मग विचारणा. तुझ्या जमिनीला कुणी हा नियम लावला तर तू सुप्रीम कोर्टापर्यंत जाशील. यशवंत साखर कारखान्याची जमीन विकायचा विषय निघाला तेव्हा तुम्हीच पारावर बसून सहकार कायद्याची कलमं एकमेकांना वाचून दाखवत होतात. म्हणजे कलम वाचता येतं. समजतंही.

एकट्यानं काय होतं, असं म्हणू नकोस. चंद्रपूरच्या बंडू धोतरेंनी 2009 मध्ये ताडोबाजवळच्या लोहारा कोळसा खाणीविरुद्ध उपोषण केलं. शहरातला मुलगा. लोक मागं उभे राहिले. ती खाण झाली नाही. दरवेळी असं होतं असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा होत नाही. पण तू तर अजून पहिली ओळही लिहिली नाहीस.

आणि तुझ्याकडे काय कमी आहे? खाणीचा अहवाल शेकडो पानांचा, इंग्रजीत. गोषवारा तेवढा मराठीत. तोही माडियाला परकाच, त्याची भाषा वेगळी. तुमच्यातल्या निम्म्यांना ते इंग्रजी वाचता येतं, आकडे कळतात, उपग्रहाचा नकाशा लावता येतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर उचलून घातलेला निघाला होता. वाचला म्हणून सापडला. सी.ए. झालेल्यांनी तर मान खाली घालावी. खाणींच्या पैशातला वाटा बाधित गावांवर खर्च व्हावा म्हणून 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आहेत. त्यांचा पैसा कोणत्या गावात गेला, कशावर गेला, हे तपासायला तुमच्याहून लायक कोण? तुम्ही दिवसभर लोकांचा कर वाचवता. एक रविवार दे म्हटलं तर कॅलेंडर दाखवता.

तू आळशी आहेस असं मला वाटलं असतं तर मी एवढी तडफड केली नसती. तू आळशी नाहीस. मोजणीच्या दिवशी पहाटे पाचला उठतोस. तू मठ्ठही नाहीस. तू झोपेचं सोंग घेतलंयस, आणि सोंग घेणाऱ्याला हलवून उपयोग नाही, त्याला नाव घेऊन ओरडावंच लागतं.

आता वही काढ. कुठल्याही खाणीच्या जनसुनावणीची नोटीस निदान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात येते, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या. लेखी हरकत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवता येते, त्यासाठी गडचिरोलीला जावं लागत नाही. अहवालाचा गोषवारा मंडळाच्या संकेतस्थळावर असतो, मंजुरीची कागदपत्रं केंद्राच्या परिवेश पोर्टलवर असतात. पुढच्या नोटिशीची वाट बघू नकोस, आधीचे अहवाल आजच उतरवून घे. पाणी कुठून घेणार, गाळ कुठं जाणार, ग्रामसभेचा ठराव कुठल्या तारखेचा, त्यावर सह्या किती, कोरम झाला होता का, सुनावणी किती लांब ठेवली. हे सगळे प्रश्न तू तुझ्या बांधासाठी विचारतोस. तसेच विचार. त्याच भाषेत, त्याच त्वेषानं. तिथल्या ग्रामसभेला आधी विचार, तुम्हाला कोणता कागद वाचून हवाय. त्यांच्या वतीनं पुढारी होऊ नकोस. त्यांना पुढारी आहेत. त्यांना वाचणारा हवाय.

पहिला मसुदा पुढच्या रविवारी मला आणून दाखव. चुका मी काढीन. मुदत वाढवून मागू नकोस, मिळणार नाही.